तुटल्या हाडाला नॅनोतंतूंची परांची

पुणे-नाशिक महामार्गावरील संगमनेर हे प्रवरेच्या काठी वसलेले जुने व्यापारी शहर. शाहीर अनंत फंदी यांचे हे गाव. दक्षिणेला चंदनापुरीचा घाट, उत्तरेला सिन्नरच्या वाटेवरचा कऱ्हे घाट आणि मधून अहोरात्र वाहणारा महामार्ग अशी या शहराची भौगोलिक रचना आहे. या रस्त्याने संगमनेरला बाजारपेठ दिली, तसे अपघातही दिले. महामार्गावरील कोणत्याही तालुक्याच्या गावाप्रमाणे येथील अस्थिरोगतज्ज्ञांकडे मोडलेले हात-पाय ही नित्याची बाब असते. साधा अस्थिभंग प्लास्टरने किंवा सळई-पट्टीने जुळतो. खरा पेच पडतो तो हाडाचा तुकडाच नाहीसा झाल्यावर. चाकाखाली चेंगरलेल्या नडगीचा दोन-तीन इंचांचा भाग जागेवरच नष्ट होतो किंवा जंतुसंसर्गामुळे काढून टाकावा लागतो. मग उरलेल्या दोन टोकांमधील पोकळी शरीर आपणहून भरू शकत नाही. वैद्यकाच्या भाषेत या पोकळीला 'क्रिटिकल साइज डिफेक्ट' म्हणतात. अशी पोकळी ज्याच्या वाट्याला येते त्याच्यापुढे शेतीची कामे, वाहन चालवणे, कारखान्यातील पाळी, किंबहुना स्वतःच्या पायावर उभे राहणे, हे सारेच प्रश्न उभे राहतात.

ही पोकळी भरून काढण्यासाठी गेली दोन-अडीच दशके जगभरच्या प्रयोगशाळांत एका नव्या पदार्थावर काम चालू आहे. केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही बारीक तंतू आणि हाडातील खनिजाचे सूक्ष्म कण यांच्या मिलाफातून बनणारा हा पदार्थ 'नॅनोतंतू संमिश्र' या नावाने ओळखला जातो. हा पदार्थ नेमका काय आहे, तो कसा बनतो, त्याच्याकडून कोणती अपेक्षा रास्त आणि कोणती अवास्तव, याचा हा आढावा.

निसर्गाचे काँक्रीट

हाड हे दगडासारखे निर्जीव वाटले तरी तो एक जिवंत आणि सतत बदलणारा अवयव आहे. हाडाच्या वजनाचा साधारणतः ६५ टक्के भाग खनिजाचा, २५ टक्के सेंद्रिय द्रव्यांचा आणि उरलेला पाण्याचा असतो. सेंद्रिय भागात सुमारे नव्वद टक्के वाटा कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. कोलॅजेनचा एक रेणू जेमतेम दीड नॅनोमीटर जाड आणि तीनशे नॅनोमीटर लांब असतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाडीचा असतो, यावरून हे प्रमाण लक्षात यावे. या रेणूत तीन साखळ्या वेणीच्या तीन पेडांसारख्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. ही त्रिपेडी रचना मद्रास विद्यापीठातील डॉ. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली मांडली, ही भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील अभिमानाची नोंद आहे.

असे असंख्य रेणू एकत्र येऊन कोलॅजेनचे तंतुक बनतात. त्यांची जाडी ५० ते ५०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते. या तंतुकांच्या आत आणि भोवती कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या खनिजाच्या, म्हणजे हायड्रॉक्सिअॅपेटाइटच्या, काही नॅनोमीटर जाडीच्या चकत्या बसवलेल्या असतात. नुसते कोलॅजेन चिवट पण लवचिक, नुसते खनिज कठीण पण ठिसूळ. दोहोंच्या मिलाफातून असा पदार्थ तयार होतो की जो भारही पेलतो आणि धक्काही सोसतो. सिमेंटच्या पोटात लोखंडी सळई घालून काँक्रीट मजबूत करतात किंवा भिंतीच्या मातीत गवताचा काला मिसळतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे. फरक इतकाच, की निसर्गाने हे बांधकाम अब्जांश मीटरच्या मोजमापावर केले आहे.

हाड मोडल्यावर त्या जागी प्रथम रक्ताची गुठळी होते. मग मऊ सांधा आणि पुढे कठीण सांधा तयार होतो. हाडे घडवणाऱ्या पेशींना 'ऑस्टिओब्लास्ट', तर जुने हाड खरवडून काढणाऱ्या पेशींना 'ऑस्टिओक्लास्ट' म्हणतात. या दोन्हींच्या परस्परपूरक कामातून महिनोन्महिने हाडाचे पुनर्घटन चालते. मात्र घडवणाऱ्या पेशींना चढून जाण्यासाठी काहीतरी आधार लागतो. पोकळी मोठी असली की तो आधारच नसतो आणि हाडाऐवजी तेथे तंतुमय ऊती भरते.

आजवरचे उपाय

अस्थिभंगाचा अभ्यास आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार वर्णिलेले आहेत. गमावलेल्या हाडाची भरपाई करण्याचे प्रयत्न मात्र आधुनिक काळातले. ग्लासगोचे शल्यविशारद विल्यम मॅकइवेन यांनी १८८० साली एका मुलाच्या दंडातील नष्ट झालेल्या हाडाच्या जागी इतर रुग्णांकडून मिळालेले हाडाचे तुकडे बसवले. जर्मनीतील ड्रीसमान यांनी १८९२ साली हाडातील पोकळ्या भरण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरले.

आज सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे रुग्णाचेच हाड. कमरेच्या हाडाच्या कडेचा भाग खरवडून तो पोकळीत भरला जातो. त्यात जिवंत पेशी असतात, वाढीस चालना देणारी प्रथिने असतात आणि शरीर ते परके मानत नाही. परंतु त्यासाठी रुग्णाला दुसरी जखम सोसावी लागते, कमरेचे दुखणे कित्येकदा मूळ दुखण्याहून अधिक काळ टिकते आणि मिळणाऱ्या हाडाचे प्रमाणही मर्यादित असते. लहान मुले व वृद्ध यांच्या बाबतीत ही मर्यादा अधिकच जाचक ठरते.

दुसरा मार्ग दात्याच्या हाडाचा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ऊतीपेढी १९८८ साली सुरू झाली. दान केलेल्या ऊतींवर प्रक्रिया करून त्या किरणोत्साराने निर्जंतुक करण्याचे काम तेथे होते. ट्रॉम्बे येथे १९७४ साली वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारा 'आयसोमेड' प्रकल्प उभा राहिला होता, त्यामुळे या क्षेत्रात महाराष्ट्राचा पाया जुना आहे. तथापि अवयवदानाविषयीची जाणीव अजून पुरेशी रुजलेली नसल्याने दात्याचे हाड गरजेच्या मानाने अपुरेच पडते.

रशियातील डॉ. गाव्हरिल इलिझारोव्ह यांच्या वलय पद्धतीत हाड कापून ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने सरकवले जाते व मागे नवे हाड तयार होते. फ्रान्सचे डॉ. मास्केले यांच्या पद्धतीत पोकळीत प्रथम अस्थिसिमेंटचा ठोकळा बसवतात. काही आठवड्यांत त्याभोवती एक पातळ आवरण तयार झाले की ठोकळा काढून त्या पिशवीत हाडाचा चुरा भरतात. दोन्ही पद्धतींनी असंख्य पाय वाचले आहेत. पण दोन्हींना बराच काळ लागतो, आणि तेवढे दिवस रोजंदारी बुडते.

अस्थिनिर्मितीला चेतवणाऱ्या प्रथिनांचा मार्गही चोखाळला गेला. अमेरिकेचे डॉ. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली या प्रथिनांची चाहूल दिली आणि २००२ साली त्यांपैकी एकाला अमेरिकी औषध प्रशासनाने पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियेसाठी मान्यता दिली. परंतु मानेच्या मणक्यांत हे प्रथिन वापरल्यावर घशाला सूज येऊन जिवावर बेतण्याच्या घटना घडल्या आणि २००८ साली त्याच प्रशासनाला सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. प्रभावी द्रव्य योग्य जागी, योग्य मात्रेत आणि हळूहळू सुटावे यासाठी योग्य वाहक हवा, हा या अनुभवाचा धडा. नॅनोतंतूंच्या संशोधनाला जी चालना मिळाली, तिच्यामागे ही गरजही आहे.

परांचीची कल्पना

इमारत बांधताना गवंडी प्रथम बांबूची परांची उभी करतो, तिच्यावर चढून भिंत रचतो आणि भिंत उभी राहिली की परांची सोडवतो. ऊती अभियांत्रिकीची मूळ कल्पना नेमकी हीच आहे. अमेरिकेतील रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकान्टी यांनी १९९३ साली लिहिलेल्या लेखाने या विद्याशाखेला ओळख मिळवून दिली. पोकळीत सच्छिद्र आधार ठेवायचा, पेशींनी त्यावर चढून नवे हाड घडवायचे आणि काम संपत आले की आधाराने शरीरात विरघळून जायचे. नवे हाड होण्याच्या आत आधार विरघळला तर बांधकाम कोसळते. तो फार काळ राहिला तर नव्या हाडाची वाट अडते. या दोन वेळांचा मेळ घालणे हीच या शास्त्रातील कसोटी आहे.

पेशी नैसर्गिक हाडात कोलॅजेनच्या नॅनोतंतूंवर वावरतात, म्हणून परांचीही त्याच जाडीच्या तंतूंची असावी, असे तर्कशास्त्र पुढे आले. बारीक तंतूंमुळे थोड्या वजनात प्रचंड पृष्ठभाग मिळतो, त्यावर प्रथिने चिकटतात आणि पेशींना पाय रोवण्यास जागा मिळते.

विजेने सूतकताई

इतका बारीक धागा कातायचा कसा? त्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंग किंवा विद्युत-कताई. एका सिरिंजमध्ये बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, दाट द्रावण भरतात. सुईला साधारणतः १० ते ३० हजार व्होल्टचा विद्युतदाब जोडतात आणि १०-२० सेंटिमीटर अंतरावर धातूचा पत्रा किंवा फिरते पिंप ठेवतात. सुईच्या टोकावरील थेंब एरवी पृष्ठताणामुळे गोल राहिला असता. विद्युतभारामुळे तो ताणला जाऊन शंकूच्या आकाराचा होतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ सर जेफ्री टेलर यांनी १९६४ साली या शंकूचे गणित मांडले, म्हणून त्यास 'टेलर शंकू' म्हणतात. दाब आणखी वाढला की शंकूच्या टोकातून द्रावणाची बारीक धार सुटते, ती हवेत चाबकासारखी गरगरत क्षणार्धात हजारो पट ताणली जाते. तेवढ्यात द्रावक उडून जातो आणि पत्र्यावर कोरड्या तंतूंची पांढरी शुभ्र जाळी साचते. जत्रेत फिरत्या भांड्यातून निघणारे 'म्हातारीचे केस' ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या दृश्याची कल्पना येईल. तेथे काम चक्रगतीने होते, येथे विजेने.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत १९०२ साली कूली आणि मॉर्टन यांनी तिची स्वामित्वे घेतली होती, १९३४ साली जर्मनीच्या अँटन फोर्महाल्स यांनी वस्त्रोद्योगासाठी तिचा विचार केला. सोव्हिएत रशियात १९३०च्या दशकाच्या अखेरीस पेत्र्यानोव्ह यांच्या चमूने अशा तंतूंची गाळणी वायुरोधक मुखवट्यांसाठी बनवली. नंतर बराच काळ हा विषय मागे पडला. अमेरिकेतील अॅक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी जयेश दोशी यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाने तो पुन्हा ऐरणीवर आणला. पुढे दोशी यांनी अमेरिकेत नॅनोतंतू बनवणारी कंपनीही काढली. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील प्रा. सीराम रामकृष्ण यांच्या गटाने या विषयाला जगभर पोहोचवले.

तंतू मिळवण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. द्रावण गोठवून त्यातील घटक वेगळे करण्याची पद्धत मिशिगन विद्यापीठात विकसित झाली. अमेरिकेच्याच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील सॅम्युअल स्टप यांच्या गटाने २००१ साली प्रथिनखंडांचे रेणू आपणहून एकत्र येऊन नॅनोतंतू बनवतात आणि त्यांवर हायड्रॉक्सिअॅपेटाइटचे स्फटिक हाडातल्यासारख्याच दिशेने बसतात, असे दाखवले. शास्त्रीय दृष्ट्या ही कामगिरी मोलाची. मात्र साधेपणा व खर्च या दोन्ही बाबतीत विद्युत-कताई आजही पुढे आहे.

संमिश्र कशासाठी?

नुसत्या पॉलिमरचा तंतू हाडासाठी पुरेसा नाही. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे बहुवारिक मऊ असून शरीरात विरघळण्यास दोन ते तीन वर्षे घेते. पॉलिलॅक्टिक आम्ल व त्याचे भाऊबंद विरघळताना आम्ल सोडतात, त्यामुळे आजूबाजूची ऊती चुरचुरते. जिलेटिन आणि कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान पेशींना आवडतात. पण ओले झाल्यावर त्यांची ताकद घटते. म्हणून तंतूच्या द्रावणातच खनिजाचे नॅनोकण मिसळले जातात. हायड्रॉक्सिअॅपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांचे कण तंतूला ताठपणा देतात, आम्लता शमवतात आणि येथे हाड घडवायचे आहे असा संकेतही पेशींना देतात.

तिसरा उमेदवार जैवसक्रिय काचेचा. फ्लोरिडातील लॅरी हेंच यांनी १९६९ साली शोधलेल्या या काचेत वजनाने ४५ टक्के सिलिका, सोडियम व कॅल्शियम यांच्या ऑक्साइडांचे प्रत्येकी साडेचोवीस टक्के आणि सहा टक्के फॉस्फरसचे ऑक्साइड असते. शरीरातील द्रवात ती हळूहळू विरघळते, तिच्या पृष्ठभागावर हाडासारखे खनिज जमते आणि ती हाडाला घट्ट चिकटते. आणखी एक युक्ती म्हणजे तयार तंतू रक्तरसासारख्या कृत्रिम द्रवात बुडवून ठेवणे. क्योटोचे तादाशी कोकुबो यांनी रूढ केलेल्या या द्रवात तंतूंवर आपोआप खनिजाचा थर चढतो.

तंतूच्या पोटात औषधही भरता येते. हाडाच्या जुनाट जंतुसंसर्गात शल्यविशारद आज प्रतिजैविकयुक्त सिमेंटचे मणी ठेवतात. ते विरघळत नसल्याने काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. विरघळणारा तंतू तेच औषध आठवडेच्या आठवडे सोडत राहिला तर ती दुसरी शस्त्रक्रिया टळू शकेल.

महाराष्ट्रातील धागेदोरे

केंद्र सरकारने २००७ साली 'नॅनो मिशन' सुरू केल्यावर देशभरातील विद्यापीठांत नॅनोपदार्थांच्या प्रयोगशाळा वाढल्या. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा बहुवारिकांच्या संशोधनात पूर्वीपासून अग्रेसर. तिच्या परिसरातील 'व्हेंचर सेंटर' या उद्योगसंवर्धन केंद्रातून जैववैद्यकीय साहित्य बनवणारे नवउद्योग उभे राहिले. डॉ. निलय लाखकर यांची 'सिन्थेरा बायोमेडिकल' ही त्यांपैकीच एक. तिने सच्छिद्र जैवसक्रिय काचेपासून कृत्रिम अस्थिपूरक तयार केले. हे साहित्य नॅनोतंतूंचे नव्हे. परंतु पोकळी भरण्याच्या प्रश्नावर महाराष्ट्रात काम होऊ शकते, याची ती साक्ष आहे. विद्युत-कताईची यंत्रे परदेशातून मागवणे महाग पडत असे. आयआयटी कानपूरमध्ये संशोधन केलेल्या डॉ. संदीप पाटील यांच्या 'ई-स्पिन नॅनोटेक' या कंपनीने ती देशातच बनवली. २०२०च्या कोरोनाकाळात याच कंपनीने नॅनोतंतूंच्या थराचे मुखपट्टे तयार केले होते.

हाडातील खनिज केवळ हाडासाठीच उपयोगी असते असेही नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील डॉ. मेघा महाबोले, डॉ. आर. एस. खैरनार आणि सहकाऱ्यांनी २००५ साली हायड्रॉक्सिअॅपेटाइटच्या थरांचा कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू ओळखण्यासाठी उपयोग होतो, असे दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. हाडाचा पदार्थ आणि वायुसंवेदक यांची ही सांगड पदार्थविज्ञानाची व्याप्ती दाखवणारी आहे.

अन्य उपयोग

नॅनोतंतूंचा सर्वांत जुना आणि मोठा उपयोग गाळणीचा. वायुचक्की जनित्रे, अवजड वाहने, कारखान्यांतील धूळ यांसाठी १९८०च्या दशकापासून असे गाळक वापरात आहेत. जाळीची छिद्रे बारीक असल्याने धूळ पृष्ठभागावरच अडते आणि हवेला फारसा अडथळा होत नाही. भाजलेल्या व मधुमेही जखमांवरील आच्छादने, औषध सोडणाऱ्या पट्ट्या, तुटलेली नस जोडण्याच्या नळ्या, बॅटरीतील विभाजक पडदे, तेल आणि पाणी वेगळे करणारी वस्त्रे, अशी ही यादी वाढती आहे. अमेरिकेत 'रेस्ट्राटा' नावाचे पूर्णतः कृत्रिम, विद्युत-कताईने बनवलेले जखम-आच्छादन रुग्णालयांत वापरले जाते. दंतवैद्यकात हिरडीची ऊती हाडाच्या पोकळीत घुसू नये म्हणून मध्ये पडदा ठेवतात. भार पेलण्याची अट नसल्याने नॅनोतंतूंच्या जाळीला हे काम विशेष मानवते.

कुठे घोडे अडते?

प्रयोगशाळेतील शेकडो यशस्वी प्रयोगांनंतरही मोठ्या हाडांसाठी हा पदार्थ सर्रास का वापरात आला नाही, हा प्रश्न रास्त आहे. पहिली अडचण छिद्रांची. तंतू जितके बारीक, तितकी त्यांमधील जागा अरुंद. पेशीचा आकार १० ते २० मायक्रॉन असतो, तर जाळीतील छिद्रे कित्येकदा काही मायक्रॉनचीच. पेशी वरच्या थरावरच राहतात, आत शिरत नाहीत. हाडासाठी शंभर ते तीनशे मायक्रॉनच्या मोकळ्या वाटा लागतात, कारण पेशींबरोबर रक्तवाहिन्याही आत जाव्या लागतात. त्यावर तोडगा म्हणून विरघळणारे तंतू मध्ये विणून नंतर धुऊन काढणे किंवा त्रिमितीय छपाईने उभारलेल्या चौकटीत नॅनोतंतू भरणे, असे उपाय चालू आहेत.

दुसरी अडचण बळाची. नडगीच्या कठीण हाडाचा ताठपणा १५ ते २० गिगापास्कल असतो. कापसासारखी जाळी त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. म्हणून नॅनोतंतू हे सळई-पट्टीला पर्याय नाहीत. धातूने भार पेलायचा आणि तंतूंनी पोकळी भरायची, हीच व्यवहार्य विभागणी होय. पोलाद हाडापेक्षा सुमारे दहापट ताठ असल्याने बराचसा भार तेच घेते आणि खालचे हाड कमजोर होऊ शकते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

बाजारात आलेले ठळक उदाहरण जपानचे. नागोया तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधनातून निघालेले 'रिबॉसिस' हे कापसासारखे अस्थिपूरक विद्युत-कताईनेच बनते. त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, सिलिकायुक्त कॅल्शियम कार्बोनेट आणि पॉलिलॅक्टिक आम्ल यांचे संमिश्र आहे आणि त्याला अमेरिकेत मान्यताही मिळाली आहे. गंमत अशी की त्याचे तंतू नॅनो नसून मायक्रॉन जाडीचे आहेत. जाड तंतूंमुळे पेशींना आत जायला वाट मिळते. 'जितके बारीक तितके चांगले' हे सूत्र येथे चालत नाही.

तिसरी अडचण अधिक गंभीर, ती घाईची. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात २०११ साली शल्यविशारद पाओलो मॅकियारिनी यांनी नॅनोसंमिश्र बहुवारिकाची कृत्रिम श्वासनलिका एका रुग्णाला बसवली. पुढच्या काही रुग्णांसाठी विद्युत-कताईने बनवलेल्या नलिका वापरल्या गेल्या. वृत्तपत्रांनी या शस्त्रक्रियांचा चमत्कार म्हणून गौरव केला. प्रत्यक्षात प्राण्यांवरील पुरेसे प्रयोग न होताच हे केले गेले होते. स्वीडनमधील तिन्ही रुग्ण कालांतराने दगावले आणि २०२३ साली तेथील अपील न्यायालयाने त्या शल्यविशारदाला अडीच वर्षांच्या कैदेची शिक्षा ठोठावली. ताटलीतील पेशी वाढल्या, उंदराचे हाड जुळले, म्हणजे माणसाचा पाय जुळला असे होत नाही, हा त्याचा अर्थ.

संगमनेरच्या रुग्णाला याचे काय?

संगमनेर परिसरात कुक्कुटपालन चांगले रुजले आहे. अंड्याच्या टरफलात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते. ते भट्टीत भाजून फॉस्फेटशी संयोग घडवला की हायड्रॉक्सिअॅपेटाइट मिळते; देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी हे वारंवार करून दाखवले आहे. संगमनेरमध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र यांची महाविद्यालये आहेत आणि जवळच लोणी येथे प्रवरा वैद्यकीय संस्था आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी हा विषय जागच्या जागी उपलब्ध आहे. परंतु एक भ्रम टाळायला हवा. कच्चा माल स्वस्त असला म्हणून रोपण स्वस्त होत नाही. शुद्धता, निर्जंतुकता, प्रत्येक घाणीत तीच गुणवत्ता, प्राण्यांवरील आणि मग माणसांवरील चाचण्या यांचाच खर्च मोठा असतो.

भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली अधिसूचित झाले आणि २०१८ पासून लागू झाले. उपकरणांची धोक्यानुसार 'ए' ते 'डी' अशी चार वर्गांत विभागणी त्यात आहे. वरच्या दोन वर्गांतील, म्हणजे अधिक धोक्याच्या, साहित्याला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी लागते आणि शरीरात विरघळणारी रोपणे यात मोडतात. २०१७ सालीच गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर सरकारने कमाल मर्यादा घातली होती. देशी अस्थिपूरके तयार झाली तरी ती तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत परवडणाऱ्या किमतीत पोहोचतात का, यावरच त्यांचे मोल ठरेल.

तोवर 'नॅनो' हा शब्द ऐकून हुरळून जाण्याऐवजी रुग्णाने व नातेवाइकांनी काही साधे प्रश्न विचारावेत. सुचवलेले साहित्य परवानाप्राप्त आहे काय? ते विरघळणारे आहे की कायमचे? माणसांवर त्याचा अनुभव किती वर्षांचा? स्वतःच्या कमरेचे हाड वापरणे शक्य असताना हे महागडे साहित्य कशासाठी? जबाबदार शल्यविशारद या प्रश्नांची उत्तरे आनंदाने देतो.

आणखी एक गोष्ट रुग्णाच्या हातची आहे. संगमनेर हे विडी व तंबाखूच्या व्यवसायासाठीही ओळखले जाते. तंबाखूतील निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळण्यास विलंब लागतो आणि कधी ते जुळतच नाही, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. परांची कितीही कौशल्याने उभारली, तरी विटा आणि चुना रक्तच आणून देते. ती वाट मोकळी ठेवण्यासाठी कोणत्याही नव्या पदार्थाची प्रतीक्षा करावी लागत नाही.

नॅनोतंतूंचे संशोधन फसवे नाही, तसे ते जादूही नाही. निसर्गाने लक्षावधी वर्षांत साधलेली रचना माणूस हळूहळू वाचायला शिकतो आहे. छिद्र, बळ आणि विरघळण्याची वेळ या तीन गोष्टींचा मेळ ज्या दिवशी बसेल, त्या दिवशी घाटात अपघात झालेल्या तरुणाला पाय वाचवण्यासाठी कमरेचे हाड खरवडून द्यावे लागणार नाही. तो दिवस जवळ आणण्याचे काम प्रयोगशाळांचे आहे; तो येण्याआधीच आल्याची द्वाही न फिरवण्याचे काम मात्र सर्वांचेच.